झिका ताप, माकड आणि घरातला रांजण



कार्यक्रमात झिका तापाची माहिती दिली, तेव्हा एका गावी मला विचारलं गेलं, "साहेब, हा तर माकडाचा रोग. शेतातली माकडं हाकलली म्हणजे झालं ना?" नाही, बंधूंनो. माकड हाकलून झिका जात नाही. तो पसरवतो डास. पण माकडाचं शरीर या रोगाशी कसं झुंजतं हे समजून घेतलं, तर आपल्या घरात कोणाला जास्त जपायचं ते चांगलं कळतं.

रोग सापडला कसा?

आफ्रिकेतल्या युगांडा देशात झिका नावाचं जंगल आहे. तिथं शास्त्रज्ञ पीतज्वर या रोगाचा शोध घेत होते. त्यांनी झाडावर मचाण बांधून पिंजऱ्यात माकडं ठेवली, म्हणजे डास चावून काय होतं ते पाहता यावं. ही माकडं रीसस जातीची, उत्तर भारतात देवळांपाशी दिसतात ती लाल तोंडाची. एप्रिल १९४७ मध्ये ७६६ क्रमांकाच्या माकडाला ताप आला. त्याच्या रक्तात नवाच विषाणू मिळाला. १९४८ मध्ये तोच विषाणू त्या जंगलातल्या डासांतही सापडला.

माकड बरं झालं. सुमारे महिन्याभरानं त्याचं रक्त तपासलं, तर त्या रक्तात या विषाणूला निकामी करण्याची ताकद आलेली होती.

शरीर कसं झुंजतं?

डास चावला की विषाणू रक्तात शिरतो. लागण झालेल्या पेशी लगेच शेजारच्या पेशींना सावध करतात. राखण्यानं आरोळी द्यावी, तसंच हे. मग पांढऱ्या पेशी लागण झालेल्या पेशी शोधून मारतात. काही दिवसांत रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती विषाणूला चिकटतात आणि त्याला नव्या पेशीत शिरू देत नाहीत. रोग गेला तरी काही पेशी त्याची ओळख धरून ठेवतात. पावसाळ्याआधी आपण जनावरांना घटसर्पाची लस टोचतो, ती याच ओळखीसाठी.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रीसस माकडांवर प्रयोग झाले. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गाभण नसलेल्या माकडिणींच्या आणि नरांच्या रक्तातून विषाणू २१ दिवसांच्या आत गेला. दहा आठवड्यांनी तोच विषाणू पुन्हा टोचला, तरी तो वाढला नाही. शरीरानं ओळख ठेवली होती.

पण गाभण माकडिणींच्या रक्तात तोच विषाणू ५७ दिवसांपर्यंत राहिला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आपल्याला काय धोका?

माणसाचंही बरंचसं असंच आहे. लागण झालेल्या पाच माणसांपैकी साधारण चौघांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना बारीक ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी होते आणि आठवड्याभरात बरं वाटतं. म्हणून माणूस म्हणतो, "एवढंच ना?" पण गरोदर बाईला लागण झाली, तर विषाणू पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. २०१५ मध्ये ब्राझील देशात डोकं लहान आणि मेंदूची वाढ खुंटलेली पुष्कळ बाळं जन्माला आली, ती यामुळेच. आईचं शरीर बरं होतं, बाळाचं नुकसान भरून निघत नाही.

हा रोग लांबचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये आपल्या राज्यातला पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला. २०२४ मध्ये पुणे शहरात लागण झालेल्यांत गरोदर बायाही होत्या.

आणखी एक. डेंग्यू होऊन गेला म्हणून झिका होणार नाही असं समजू नका. डेंग्यूचेच चार प्रकार आहेत. एकाची ओळख दुसऱ्याला पुरत नाही. झिकावर लस अजून मिळत नाही. तेव्हा डास आवरणं, हाच उपाय.

काय करावं?

झिका आणि डेंग्यू पसरवणारा डास एकच. तो दिवसा चावतो आणि घराजवळच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा हिशोब धरा.

१. आठवड्यातून एक वार ठरवून कोरडा दिवस पाळा. रांजण, पिंप, फवारणीच्या पाण्याचा ड्रम रिकामा करून आतून घासा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.

२. रिकामं करता येत नाही ते भांडं कापडानं घट्ट झाका. गुरांच्या हौदात गप्पी मासे सोडा.

३. जुने टायर, करवंट्या, फुटके डबे परसात ठेवू नका.

४. घरात गरोदर सून किंवा माहेरी आलेली लेक असेल, तर तिला दुपारीसुद्धा मच्छरदाणीत झोपू द्या.

५. ताप, पुरळ आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ॲस्पिरिनची गोळी मनानं घेऊ नका. डेंग्यू असेल तर तिनं रक्तस्राव वाढतो.

६. हा रोग नवऱ्याकडून बायकोलाही लागतो. पुरुषाला झिका झाला असेल, तर त्यानं निदान तीन महिने निरोध वापरावा. बायको गरोदर असेल, तर बाळंतपण होईपर्यंत वापरावा.

पिकावर कीड दिसायच्या आधी आपण बांध साफ करतो. तसाच या आठवड्यात रांजण घासा, आणि शेजाऱ्यालाही सांगा. त्याच्या परसातला डास आपल्या घरी यायला वेळ लागत नाही.