इंजिन तर बदललं, पण पुढे काय?

मुलांनो, सायकलची चेन तुटली तर तुम्ही काय करता? नवी चेन बसवता. ट्यूब फाटली तर नवी ट्यूब टाकता. मग एखाद्या मोटारीचं इंजिनच बाजारात मिळेनासं झालं तर? तुम्ही म्हणाल, त्यात काय, दुसरं बसवायचं! इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यावर ही वेळ खरोखरच आली होती. दुसरं इंजिन बसवलंही, आणि मग काय काय झालं ते ऐका.

लंडनजवळ टेम्स डिटन नावाचं गाव आहे. तिथे 'एसी कार्स' हा कारखाना होता. एसी म्हणजे थंड हवेचं यंत्र नव्हे बरं का! ऑटो-कॅरिअर नावाची मालवाहू तीनचाकी ते पूर्वी बनवायचे, त्याची ही आद्याक्षरं. या गाडीत मालाची पेटी पुढे आणि चालक मागे असे. पुढे हा कारखाना मोटारी बनवू लागला आणि १९५३ साली त्याने एक देखणी स्पोर्ट्‌स कार काढली. तिचं नाव 'एस', म्हणजे पत्त्यांतला एक्का. खाली पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं अंग, बसायला दोनच माणसं. वजनाला हलकी आणि वळणावर चपळ.

इंजिन मात्र कारखान्याचं स्वतःचं आणि फारच जुनं होतं. त्याची मूळ आखणी होती १९१९ सालची! म्हणून १९५६ पासून एसीवाले ब्रिस्टल या कंपनीचं दोन लिटरचं इंजिनही या मोटारीत बसवू लागले. ही ब्रिस्टल म्हणजे विमानं बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मोटारीही करू लागली होती. मोटार आता छान पळू लागली. पण १९६१ मध्ये ब्रिस्टलने हे इंजिन बनवणंच थांबवलं. झालं! मोटार चांगली, पण तिला ओढणारं कोणी नाही.

इथे आपल्या गोष्टीत कॅरल शेल्बी येतो. अमेरिकेतल्या टेक्सासचा हा माणूस. आधी कोंबड्या पाळायचा. त्यात दिवाळं निघालं, पण शर्यतीत मोटार चालवण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. एकदा घाईघाईत तो शेतावरचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालूनच शर्यतीला गेला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. १९५९ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत त्याने रॉय सॅल्व्हाडोरी या जोडीदाराबरोबर जिंकली. त्याचं हृदय मात्र लहानपणापासून अधू होतं. १९६० मध्ये तर तो जिभेखाली औषधाची गोळी ठेवून शर्यतीत उतरत होता! त्याच वर्षी त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. स्वतः पळवता येत नाही, तर निदान मोटार तरी बनवावी, असं त्याने ठरवलं.

ब्रिस्टलचं इंजिन बंद झाल्याचं त्याच्या कानावर आलं. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याने एसीला पत्र लिहिलं, की तुमच्या मोटारीत अमेरिकन व्ही-एट इंजिन बसवून बघायचं का? गंमत म्हणजे तेव्हा त्याच्याजवळ इंजिन नव्हतंच! शेवरोले कंपनीने इंजिन द्यायला नकार दिला. त्यांची स्वतःची 'कॉर्व्हेट' ही स्पोर्ट्‌स कार होती, मग ते आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतील? फोर्ड कंपनी मात्र तयार झाली. कॉर्व्हेटला टक्कर देणारी मोटार त्यांनाही हवीच होती.

आता हे व्ही-एट म्हणजे काय? ब्रिस्टलच्या इंजिनात सहा सिलिंडर शाळेच्या रांगेसारखे एकामागे एक उभे असत. त्यामुळे इंजिन लांबलचक. व्ही-एटमध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींपासून तिरक्या कललेल्या असतात, रोमन लिपीतल्या व्ही या अक्षरासारख्या. इंजिन आखूड होतं, पण रुंद. तरी आठ सिलिंडरचं लोखंडी इंजिन जड होणारच ना? तिथेच फोर्डच्या लोकांनी कमाल केली होती. लोखंडाचा रस साच्यात ओतताना त्यांनी भिंती पातळ ठेवण्याचं तंत्र साधलं होतं. त्यामुळे हे ४.२ लिटरचं इंजिन ब्रिस्टलच्या दोन लिटरच्या इंजिनापेक्षा थोडंसंच जड होतं. ताकद मात्र सुमारे २६० अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ दुप्पट!

१९६२ च्या सुरुवातीला इंजिन नसलेली पहिली मोटार विमानाने लॉस एंजेलिसला आली. शेल्बी आणि त्याच्या मित्रांनी आठ तासांच्या आत इंजिन बसवून तिला रस्त्यावर पळवलं. 'कोब्रा' म्हणजे नाग हे नाव आपल्याला स्वप्नात दिसलं, असं शेल्बी सांगायचा. मोटार एकच, पण मासिकांचे लोक ती बघायला येत तेव्हा दर वेळी तिला वेगळा रंग दिलेला असे. त्यांना वाटावं, वा, कारखान्यातून मोटारींची रांग लागलेली दिसते! (असला उद्योग शाळेच्या प्रकल्पात कोणी करू नका हं.)

आठ तासांत काम झालं हे वाचून फसू नका. खरी मेहनत त्याआधी इंग्लंडमध्ये झाली होती. इंजिन रुंद, म्हणून आडवी येणारी स्टिअरिंगची पेटी बाहेरच्या बाजूला सरकवावी लागली. मग प्रश्न आला डिफरन्शियलचा. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा जो फुगीर भाग दिसतो ना, ते डिफरन्शियल. (लांबूनच बघा, ट्रकखाली वाकू नका.) इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांकडे वाटली जाते. जुन्या डिफरन्शियलचे दाते एवढा जोर सोसणार कसे? म्हणून जग्वारच्या ई-टाइप मोटारीत असे तशा जातीचं मजबूत डिफरन्शियल बसवलं.

एवढं करूनही एक दुवा कच्चा राहिलाच. ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला कोब्राची पहिली शर्यत झाली. बिली क्राउझ नव्याकोऱ्या कॉर्व्हेट मोटारींना मागे टाकून पुढे निघाला आणि अचानक मागच्या चाकाचा दांडाच तुटला! चाक गेलं, शर्यतही गेली. इंजिनाचा काही दोष नव्हता. कमी ताकदीसाठी बनवलेला तो दांडा जोर सहन करू शकला नाही, इतकंच. शेल्बीच्या लोकांनी हे भाग अधिक भक्कम करून घेतले. जानेवारी १९६३ मध्ये त्याच रिव्हरसाइडवर कोब्रा पहिली आली आणि दुसरीही कोब्राच!

पुढे इंजिन ४.७ लिटरचं झालं आणि १९६५ च्या सुमारास थेट सात लिटरचं. या वेळी तर सांगाडाच नव्याने करावा लागला. तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची नळ्या आल्या, पट्ट्यांच्या स्प्रिंगा जाऊन गुंडाळीच्या आल्या, रुंद टायर मावावेत म्हणून अंगही फुगवलं. चित्रांत कोब्रा म्हणून बहुतेक वेळा ही गलेलठ्ठ मोटारच दिसते. मला विचाराल तर ४.७ लिटरची जास्त शहाणी. उघड्या मोटारीला वारा फार अडवतो, हे ओळखून पीट ब्रॉक या तरुणाने तिच्यासाठी वरून बंद, निमुळतं अंग आखलं. या बंद कोब्रा फक्त सहा बनल्या, पण त्यांच्या जोरावर १९६५ मध्ये मोठ्या जीटी मोटारींचं जागतिक अजिंक्यपद शेल्बीने फेरारीकडून हिसकावून घेतलं. इंजिन तेच, ४.७ लिटरचं!

आई-बाबांसाठी एक गोष्ट. आपल्या देशात गाडीचं इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर तशी नोंद करावी लागते. उगाच कटकट म्हणून वैतागू नका, रिव्हरसाइडचं ते तुटलेलं चाक आठवा.

आणि शेल्बीच्या हृदयाचं काय झालं? १९९० मध्ये डॉक्टरांनी त्याच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली. १९९६ मध्ये त्याच्या मुलाने त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं. दुसऱ्याचं हृदय घेऊन तो बावीस वर्षं जगला आणि मे २०१२ मध्ये, ८९ व्या वर्षी वारला. रंग बदलबदलून दाखवलेली ती पहिली कोब्रा त्याने शेवटपर्यंत विकली नव्हती. २०१६ मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले.