धातूंची गोष्ट : १४
शिवणीची परीक्षा

गेल्या आठवड्यात आपण स्टेनलेस स्टीलच्या कॉइलपाशी थांबलो होतो. आज तिचा पाइप होताना पाहू. उदाहरणाला दोन इंची पाइप घ्या, शेड्यूल १० एस. बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, जाडी २.७७. म्हणजे आतून मोजा की बाहेरून, दोन इंच कुठेच भरत नाहीत! जुनं नाव आहे, चालत आलं.

त्यासाठी साधारण १८१ मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. ती ट्यूब मिलमध्ये शिरली की रोलच्या जोड्या तिला वळवत नेतात. आधी पन्हळ होते, मग जवळजवळ मिटलेली नळी. शेवटी दोन्ही कडा भिडतात आणि तिथेच टिग वेल्डिंगचा आर्क त्यांना वितळवून एक करतो. एएसटीएम ए ३१२ या मानकाच्या वेल्डेड पाइपमध्ये बाहेरची तार वितळवून घालायला मनाई आहे. त्यामुळे कडेला तेलाचा डाग किंवा बोथट कापाची बर राहिली, तर ती झाकायला काहीच नसतं. वरून आर्गॉन वायूचं पांघरूण असतं, आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. आतला वायू कमी पडला की शिवणीच्या पोटात करपलेल्या पाकासारखा काळा, खडबडीत थर धरतो. बाहेरून पाइप मात्र झकास दिसतो.

खरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. वेल्डच्या शेजारचा भाग सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये रेंगाळला, तर पोलादातला कार्बन क्रोमियमला गाठतो आणि कणांच्या सीमेवर कार्बाइड बनून बसतो. गंज रोखणारं क्रोमियम तिथे तेवढ्यापुरतं कमी होतं, आणि पुढे गंज त्याच रेषेने आत शिरतो. म्हणून ३०४ एल, ३१६ एल या ग्रेडमध्ये कार्बन मुद्दाम कमी ठेवतात. शिवाय ए ३१२ च्या नेहमीच्या ग्रेडचा पाइप भट्टीत किमान १०४० अंशांपर्यंत तापवून झटकन थंड करतात. कार्बाइड विरघळतात आणि क्रोमियम पुन्हा सगळीकडे पसरतं. जिन्याच्या रेलिंगच्या पाइपला ही भट्टी सहसा दाखवत नाहीत. तिथे तिची फारशी गरजही नसते. तोच पाइप आम्लाच्या लाइनला जोडला, तर मात्र गाठ आपल्याशी आहे. भट्टीनंतर पिकलिंग होतं. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या टाकीत वेल्डचा निळा-तपकिरी रंग आणि खवले निघून जातात.

मग तपासणी. मला सगळ्यात आवडते ती फ्लॅटनिंग टेस्ट, कारण तिच्यात लपवाछपवीला जागा नाही. पाइपच्या टोकाचा तुकडा कापून प्रेसखाली आडवा ठेवतात, शिवण बाजूला येईल असा. दाब वरून येतो आणि सगळ्यात जास्त वाक नेमका शिवणीवर पडतो. गोल तुकडा अंडाकृती होतो, मग चपटा. एवढं होऊनही वेल्डला तडा गेला नाही, तर शिवण पास.

पण ही परीक्षा त्या तुकड्याची झाली. उरलेल्या लांबीसाठी एडी करंट तपासणी असते. पाइप विद्युत कॉइलमधून सरकतो आणि धातूत कुठे भेग किंवा छिद्र असेल तर यंत्रावरचा संकेत उसळतो. यंत्र आधी मुद्दाम भोक पाडलेल्या पाइपवर जुळवून घेतात. टोकांपाशी मात्र त्याचे संकेत भरवशाचे नसतात. पर्याय म्हणून पाण्याच्या दाबाखाली गळती पाहतात. पाणी क्लोराइडचं असेल आणि पाइप ओलाच राहिला, तर परीक्षेतूनच गंजाची सुरुवात होते.

आपल्या बाजारात मात्र गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं. चिकटलं नाही की माल अस्सल! पण जास्त मँगेनीज आणि कमी निकेलच्या स्वस्त २०० मालिकेलाही ते चिकटत नाही, आणि वळवताना ताण पडलेला खरा ३०४ त्याला थोडासा ओढू शकतो. तेव्हा लोहचुंबक घरीच ठेवा. पाइपवर छापलेला हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या वितळीतून आलं तिचा क्रमांक, टेस्ट सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा, आणि जुळत नसेल तर माल उतरवूनच घेऊ नका.