‘मारेशे’ : दलदलीच्या नावाचा भाजीउत्पादक

फ्रान्समध्ये भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ‘मारेशे’ म्हणतात. त्याची जमीन रेताड, कोरडी असली तरी नाव तेच. शब्दशः अर्थ मात्र ‘दलदलवाला’ असा होतो, कारण ‘मारे’ म्हणजे दलदल. फ्रँक लोकांच्या जुन्या जर्मानिक बोलीतून हा शब्द फ्रेंचमध्ये आला. इंग्रजीतील ‘मार्श’ त्याच मुळाचा; ‘मोरास’ मात्र फ्रेंचमधून डचमार्गे गेला. आपली चिबड जमीन बहुधा पाटपाण्याच्या अतिवापराने बिघडलेली असते, ‘मारे’ निसर्गतःच ओली.

पॅरिसला सीन नदीच्या उजव्या काठावरील सखल पट्ट्याचा निचरा करून मध्ययुगात भाजीचे मळे काढण्यात आले. चर खोदल्याने मुळांना हवा मिळाली आणि पाणीही हाताशी राहिले. पाणी काढणे म्हणजे पाणी संपविणे नव्हे, हे त्या मळेवाल्यांना उमगले होते. त्या वस्तीला आजही ‘ल मारे’ म्हणतात, भाजी मात्र तेथून केव्हाच गेली. शहर वाढले तसे मळेवाले बाहेर सरकले आणि नाव सोबत घेऊन गेले.

एकोणिसाव्या शतकात त्यांची पद्धत फार पुढे गेली. तबेल्यातील ताज्या लिदीचा थर रचून त्यावर कुजलेले खत पसरीत. लीद कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर, घंटेच्या आकाराच्या काचेच्या झाकणाखाली ऐन थंडीत सॅलड तयार होई. एकाच वाफ्यात मुळा, सॅलड व गाजर घेत. मुळा आधी निघून गाजराला जागा मोकळी होई. मोरो आणि दाव्हेर्न या दोन मळेवाल्यांनी १८४५ मध्ये या पद्धतीवर पुस्तकच लिहिले. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले आणि फुकटची ऊबही गेली.

निचऱ्याची दुसरी बाजू पश्चिम फ्रान्समधील ‘मारे प्वातव्हें’ येथे दिसते. तेथे १२१७ मध्ये पाच मठाधिपतींनी मिळून कालवा काढला. १५९९ मध्ये राजा चौथा हेन्री याने हम्फ्री ब्रॅडली या अभियंत्याकडे देशातील दलदलींच्या निचऱ्याचे काम सोपविले. विसाव्या शतकात मात्र निचरा अति झाला. ओल्या कुरणांवर नांगर फिरला, मका व गहू आले. परिणामी १९९६ मध्ये या भागाचा प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा गेला. तो परत मिळण्यास २०१४ साल उजाडले.