फोनवर नको भो

"फोनवर नको भो, भेटल्यावर सांगतो." जळगाव-धुळ्याकडे बातमीदारी करणाऱ्याला हे वाक्य नवं नाही. गिरणेच्या पात्रातून रात्री किती डंपर वाळू गेली हे ज्याला ठाऊक असतं, तो तलाठी असो की कोतवाल, मोबाइलवर आवाज खाली आणतो, "व्हॉट्सअ‍ॅपला कर" म्हणतो आणि फोन ठेवून देतो. लहान माणसाची उगाच भीती, असं कुणालाही वाटेल. पण याच जळगाव जिल्ह्यात एका मोठ्या माणसाच्या बाबतीत काय घडलं ते पाहिलं की ती उगाच वाटत नाही.

मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे 1990 पासून सलग सहा वेळा आमदार, विरोधी पक्षनेते, पुढे महसूलमंत्री. 2019 मध्ये ते भाजपमध्ये होते आणि राज्यात सरकारही भाजप-शिवसेना युतीचं होतं. त्या वर्षी राज्य गुप्तवार्ता विभागाने त्यांचा फोन 67 दिवस आणि शिवसेना नेते संजय राऊत यांचा 60 दिवस ऐकला, असा आरोप ठेवून मार्च 2022 मध्ये मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात विभागाच्या तत्कालीन प्रमुख रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला. तोवर सरकार महाविकास आघाडीचं आलं होतं.

या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे नावं. तेव्हाच्या बातम्यांनुसार, परवानगीच्या कागदावर खडसे झाले होते 'खडासने', राऊत झाले होते 'एस. रहाटे', आणि कारण दिलं होतं समाजविघातक घटकांचं. शुक्ला यांच्यावरच पुण्यात बंडगार्डन ठाण्यात दाखल झालेल्या दुसऱ्या गुन्ह्यात राजकीय नेते नाना पटोले यांचा नंबर 'अमजद खान' या नावाखाली आणि बच्चू कडू यांचा 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाखाली असल्याचं म्हटलं होतं. गृह खात्यातला सही करणारा अधिकारी पाहतो तो एक दहा आकडी नंबर, एक नाव आणि चार ओळींचं कारण. नावच बनावट असेल, तर आपण आमदाराचा फोन ऐकायला परवानगी देतोय हे त्याला कळणार कसं?

शुक्ला यांनी आरोप नाकारले. राज्यात पुन्हा सत्ताबदल झाला. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी 2024 मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. साक्षीपुरावे होऊन खरं-खोटं ठरायचं ते राहूनच गेलं.

फोन ऐकण्याचा हा अधिकार आला 1885 च्या तार कायद्यातून. घरात कुणी वारलं की दारात तारवाला यायचा, त्या तारेसाठी केलेला इंग्रजांचा कायदा. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला आणि 2007 मध्ये त्याचे नियम झाले. गृहसचिवांची सही, एका आदेशाची मुदत 60 दिवस, वाढवत नेली तरी जास्तीत जास्त 180, आणि दोन महिन्यांत पुनर्विलोकन समितीची तपासणी. 2023 चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर 2024 चे नियम आले तरी सांगाडा तोच आहे. राज्याच्या समितीत मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. न्यायाधीश एकही नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये केंद्राच्या समितीचा हिशेब मांडला होता. दोन महिन्यांतून एकदा बैठक आणि प्रत्येक बैठकीपुढे 15 ते 18 हजार आदेश! एवढे कागद नुसते उलटायचे म्हटले तरी दिवस पुरणार नाही.

न्यायालयं याबाबत गप्प बसलेली नाहीत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच आधारावर ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. लाचेचा तपास म्हणजे सार्वजनिक सुरक्षेला धोका नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

पत्रकाराचं दुखणं मात्र वेगळं आहे. त्याचा माणूस शोधायला संभाषण ऐकावंच लागत नाही. कुणी कुणाला, किती वाजता, किती सेकंद फोन केला आणि तेव्हा मोबाइल कोणत्या टॉवरखाली होता, याची यादी म्हणजे सीडीआर. ती मागवायला गृहसचिवांची सही लागत नाही, पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी कंपनीकडून मागवू शकतो. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी याच याद्या विकणाऱ्यांना पकडलं, त्यात खासगी गुप्तहेरही होते. बातमी छापून आली, आदल्या रात्री वार्ताहराचा तलाठ्याशी चार मिनिटांचा कॉल आहे. आणखी काय हवं? प्रेस कौन्सिलचा 1978 चा कायदा सांगतो की कौन्सिलपुढे पत्रकाराला बातमीचा स्रोत उघड करायला भाग पाडता येणार नाही. कायद्याने तोंडाला संरक्षण दिलं, खिशातला मोबाइल उघडाच राहिला.

पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर तर फोन हातात असतानाच आतून उघडतं. त्याचं लक्ष्य असू शकणाऱ्यांची जी यादी जुलै 2021 मध्ये बाहेर आली, तिच्यात चाळीसहून अधिक भारतीय पत्रकारांचे नंबर होते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे याचा ठोस पुरावा मिळाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने न्यायालयाला कळवलं.

दिल्लीच्या संपादकाकडे निदान वकील असतो. तालुक्याच्या वार्ताहराकडे मानधन, मोटारसायकल आणि ओळखी. ऑगस्ट 2023 मध्ये पाचोऱ्यात सत्ताधारी आमदाराने एका पत्रकाराला फोनवर शिव्या दिल्या, पाठोपाठ त्या पत्रकाराला भररस्त्यात मारहाण झाली. तो हल्ला पाळतीतून झाला नव्हता. पण ज्या गावात बातमी देणारा असा सापडतो, तिथे बातमी पुरवणारा आपलं नाव फुटण्याला किती भीत असेल? म्हणून वार्ताहर मोबाइल घरी ठेवतो आणि तीस किलोमीटर गाडी मारून माणसाला भेटतो. बातमी एक दिवस उशिरा लागते, कधी लागतच नाही.

अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि ऐकणं संपल्यावर साधारण 90 दिवसांत त्या व्यक्तीला कळवावं लागतं, न्यायाधीशानेच ते लांबवलं नसेल तर. आपल्याकडे कळवण्याची तरतूदच नाही. उलट दर सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करायच्या असा नियम आहे. मुक्ताईनगरला असं पत्र गेलं नाही. जवळपास तीस वर्षं विधानसभेत काढलेल्या माणसालाही 67 दिवसांचा हिशेब मिळाला तो सरकार बदलल्यावर.