डिफरन्स सापडेपर्यंत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बारावीची परीक्षा देऊन नातू आमच्याकडे साताऱ्याला राहायला आला. येताना कपड्यांची एक लहान बॅग आणि प्लेस्टेशनचं एक मोठं खोकं घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून दिवाणखान्यातला टीव्ही त्याचा झाला. माझ्या सातच्या बातम्या गेल्या, हिची साडेआठची मालिका गेली. आजोबा-आजी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

मी पेपर वाचण्याचं निमित्त करून मागे बसत असे. पडद्यावर एका पडक्या किल्ल्याची वाट. त्या वाटेवर शिंगं असलेला, फाटकी वस्त्रं पांघरलेला, हातात काठी घेतलेला एक अवाढव्य म्हातारा. नातवाचा योद्धा त्याच्यापुढे जाई, चार-दोन वार करी आणि मरे. पडदा काळवंडे, लाल इंग्रजी अक्षरं उमटत, ‘यू डाइड’. तू मेलास. त्या संध्याकाळी जेवणाची पानं घेईपर्यंत मी मोजलं. अकरा वेळा.

आश्चर्य त्या म्हाताऱ्याचं वाटलं नाही, नातवाचं वाटलं. मरून मरून हा मुलगा चिडत कसा नाही? मी विचारलं तर म्हणाला, ‘‘आजोबा, आत्ता मी त्याच्यामुळे नाही मेलो. मी घाई केली.’’ आणि पुन्हा सुरू. हे वाक्य ऐकून मी पेपर खाली ठेवला.

खेळाचं नाव ‘एल्डन रिंग’. २०२२च्या फेब्रुवारीत तो जगभर आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटींवर प्रती खपल्या. मी कादंबरीकार असल्यामुळे हा आकडा नातवाकडून दोनदा वदवून घेतला! तो तयार केला तोक्योच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ या कंपनीनं. १९८६मध्ये निघालेली ही कंपनी आधी कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करत असे, खेळांकडे वळली ती १९९४मध्ये. खेळाचा मुख्य दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. हे गृहस्थ आधी ओरॅकल कंपनीत नोकरीला होते. एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे २००४मध्ये, नोकरी सोडून खेळांच्या धंद्यात आले. कंपनीत एक प्रकल्प रखडला होता, सगळ्यांनी त्याची आशा सोडली होती. तो त्यांनी मागून घेतला. आधीच बुडीत खात्यात गेलेल्या कामात आपल्या हातून आणखी काय बुडणार, हा त्यांचा हिशेब! त्यातून २००९मध्ये ‘डीमन्स सोल्स’ आला, मग २०११मध्ये ‘डार्क सोल्स’. २०१४मध्ये मियाझाकी कंपनीचे अध्यक्ष झाले. आपण स्वतः खेळात फारसे तरबेज नाही, पुष्कळदा मरतो, असं ते मुलाखतींत मोकळेपणी सांगतात.

या खेळांत वाटेवर लहानमोठे शत्रू भेटतात आणि टप्प्याटप्प्यावर एक बलाढ्य शत्रू उभा असतो. त्याला म्हणायचं ‘बॉस’. या शब्दाशी माझा अडतीस वर्षांचा परिचय. बँकेतही काही बॉस असे होते, की त्यांच्या केबिनमध्ये जाताना पाय जड व्हायचे. पण या काठीवाल्या म्हाताऱ्याचं, म्हणजे मार्गिटचं, वैशिष्ट्य मला नातवानं समजावलं. तो काठी उगारतो आणि उगारलेलीच ठेवतो. आपण घाबरून लगेच कोलांटी मारून बाजूला होतो. कोलांटी संपून आपण उभे राहिलो, की मग काठी खाली येते. म्हणजे शक्तीपेक्षा तो आपल्या भीतीवर जगतो.

उपाय? कोलांटी मारताना क्षणभर, अगदी क्षणभरच, योद्ध्याला काही लागत नाही. म्हणून काठी उगारली की हलायचं नाही, ती खाली यायला लागली की हलायचं. आणि मागे नाही पळायचं, त्याच्याच दिशेनं, त्याच्या काखेखालून निघायचं. मग एक वार, फार तर दोन. तिसऱ्याचा मोह झाला की संपलं. कारण वार करा, पळा, कोलांटी मारा, सगळा खर्च दमाच्या एकाच खात्यातून होतो आणि तिसऱ्या वारानंतर त्या खात्यात शिल्लक उरत नाही. जखम भरायला औषधाची कुपी असते, पण त्याच्या डोळ्यांदेखत ती तोंडाला लावली की तो लखलखता सुरा फेकतो. अंगावर फार जड चिलखत चढवलं तर कोलांटी हत्तीसारखी होते. आणि त्याची ताकद निम्म्याच्या आसपास आली की हातात सोनेरी हातोडा येतो, सगळी चाल बदलते. आत्तापर्यंत शिकलेलं अर्धं खोटं ठरतं.

हे सगळं कुठल्या पुस्तकात वाचून नातवाला कळलं नव्हतं. प्रत्येक मरणानं त्याला एकेक ओळ सांगितली होती.

इथे मला माझं जुनं काम आठवलं. १९७९ साली मी बँकेत लागलो तेव्हा संगणक नव्हता. सेव्हिंग्जची जाडजूड लेजरं, हातानं लिहिलेली. ठरावीक मुदतीनं बॅलन्सिंग करायचं, म्हणजे शेकडो खात्यांच्या शिलकांची बेरीज मारून ती मुख्य खतावणीशी जुळवायची. पहिल्या झटक्यात ती कधीच जुळत नसे. माझा पहिला डिफरन्स होता सत्तावीस रुपयांचा. रात्रीचे नऊ वाजले, मी रडकुंडीला आलो. खिशातले सत्तावीस रुपये घालू का, असंही मी विचारलं. आमचे हेडक्लार्क पान लावत शांतपणे म्हणाले, ‘‘नवानं भाग जातो का बघ.’’ जात होता. ‘‘मग आकडे उलटे पडलेत कुठेतरी. पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न झाले असतील.’’ दहा मिनिटांत सापडलं. खरोखर पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न!

त्या रात्री मी शिकलो, की चूक नुसती चूक नसते, ती स्वतःचा पत्ता सांगत असते. मात्र तो ऐकायला शेजारी कुणीतरी शांत माणूस लागतो. हेडक्लार्क ओरडले असते, तर मी नवानं भागलं नसतं, घाबरून तीच बेरीज सात वेळा मारली असती.

हा खेळ त्या हेडक्लार्कसारखा आहे. तो दयाळू नाही, पण ओरडत नाही. ‘तू मेलास’ एवढंच सांगतो. ‘तुला जमायचं नाही’ असं म्हणत नाही, शेजारच्याच्या मुलाचं उदाहरण देत नाही. क्षणात पुन्हा त्याच दारात नेऊन उभं करतो. दंडही मोजका. साठवलेली नाणी, ज्यांना ‘रून’ म्हणतात, ती मेलो तिथेच पडून राहतात. परत जाऊन उचलता येतात. उचलण्याआधी पुन्हा मेलो, तर मात्र कायमची गेली.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. खेळ सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो, तोच उघड्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार दिसतो. नवा खेळाडू त्याच्यावर धावून जातो आणि एका फटक्यात गारद होतो. चार वेळा मेल्यावर ध्यानात येतं, की याला वळसा घालून जाता येतं! आज लढायलाच हवं अशी सक्ती नाही. मार्गिटचंही तसंच. किल्ल्याची वाट सोडून दक्षिणेला जावं, लहान लढाया माराव्यात, तलवारीला धार लावून घ्यावी, नुसती मनगटाची ताकद न वाढवता जीव टिकवण्याची ताकद वाढवावी आणि मग यावं. माघार म्हणजे हार नव्हे, हे शिवाजी महाराजांच्या मुलखात तरी वेगळं सांगायला नको.

शिवाय मदत मागायची सोय आहे. मार्गिटच्या दाराशीच जमिनीवर एक सोनेरी खूण असते. तिला हात लावला की रॉजियर नावाचा एक जादूगार साथीला येतो. दूरदेशीचे खरे खेळाडूही असेच बोलावता येतात. अनोळखी माणसं जमिनीवर सूचना लिहून ठेवतात आणि कुणी मेलं असेल तिथे रक्ताचा डाग दिसतो. त्याला स्पर्श केला की तो माणूस कसा मेला, हे सावलीच्या रूपात दिसतं. दुसऱ्याची चूक आपल्यासाठी जपून ठेवलेली! ही कल्पना मियाझाकींना एका बर्फाळ चढावर सुचली. गाड्या घसरत होत्या, मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला हलकेच रेटा दिला, असं करत करत सगळे वर पोचले. रेटा देणाऱ्याचे आभार मानायलाही थांबता आलं नाही.

२०२२मध्येच या खेळात एक नवल घडलं. मलेनिया ही यातली बहुधा सर्वांत अवघड शत्रू. तिचा वार लागला की तिचीच जखम भरते, अगदी ढालीवर झेलला तरी! तिच्यापुढे हजारो लोक हतबल झाले. तेव्हा डोक्यावर मडकं घातलेला, अंगावर जवळपास काहीच नसलेला, दोन तलवारी घेतलेला एक खेळाडू लोकांच्या मदतीला येऊ लागला. ‘मला एकट्यालाच लढू द्या’ अशा अर्थाचं नाव त्यानं घेतलं होतं. त्यानं हजाराहून अधिक वेळा तिला हरवून दिलं, अनोळखी लोकांसाठी. खेळाच्या प्रकाशकांनी त्याला एक खरी तलवार भेट पाठवली. तोही आधी तिच्या हातून पुष्कळदा मेला होता, म्हणून तर त्याला ती पाठ झाली.

एवढं वाचून कुणी म्हणेल, आजोबा खेळाचे दलाल झाले. तसं नाही. हा खेळ लहान मुलांचा नव्हे, युरोपात तो सोळा वर्षांवरच्यांसाठी मानतात. ‘आता एकदाच’ म्हणत रात्रीचे दोन वाजतात, हे मी घरात पाहिलं आहे. आणि मोठा फरक हा, की तिथे मरण स्वस्त आहे. बारावीची परीक्षा क्षणात पुन्हा देता येत नाही, बुडालेलं कर्ज मेल्या जागी पडून राहत नाही. आयुष्य चुकीची किंमत भरपूर लावतं. पण म्हणूनच प्रश्न पडतो, की त्या किमतीवर आपण घरातली माणसं वरून आणखी व्याज का लावतो?

हा प्रश्न मला शनिवारी पडला. नातवाला न्यायला मुलगा ठाण्याहून आला. दारातच त्यानं पडदा पाहिला आणि म्हणाला, ‘‘एवढी चिकाटी अभ्यासात दाखवली असतीस तर!’’ नातवानं मुकाट्यानं खेळ बंद केला.

वाक्य माझं होतं. १९९४ साली, याच खोलीत, मी ते म्हटलं होतं. मुलगा आठवीत होता. गणितात शंभरपैकी एकतीस मिळाले होते. दिवसभर तो पतंगाच्या मांज्याचा गुंता सोडवत बसे, म्हणून मी म्हणालो, ‘‘एवढी चिकाटी गणितात दाखव.’’ पेपर हातात घेतला, तांबड्या शाईतला आकडा पाहिला आणि परत दिला. आतलं पान उलटलं नाही. रोज सत्तावीस रुपयांसाठी रात्री जागवणारा मी, एकोणसत्तर गुणांचा डिफरन्स कुठे आहे हे शोधायला बसलो नाही. त्यानंतर त्यानं एकही पेपर मला दाखवला नाही. सह्या आईच्या घेतल्या.

रात्री जेवणं झाल्यावर मी नातवाला म्हटलं, ‘‘सुरू कर, आज मी खेळतो.’’ ही हसायला लागली. माझी बोटं अडखळत होती. पहिल्यांदा मी त्या म्हाताऱ्यापर्यंत पोचलोच नाही, कड्यावरून खाली पडलो. मग सहा वेळा मेलो. नातू शेजारी बसून एवढंच सांगे, ‘‘आजोबा, या वेळी औषध लवकर घेतलंत.’’ ‘‘या वेळी तिसरा वार केलात.’’ नवानं भाग जातो का बघ, असंच ते मला ऐकू येत होतं. मुलगा मागे मोबाइल पाहत बसला होता. नवव्या खेपेला रॉजियरला सोबत घेऊन मी त्याला हातोड्यापर्यंत आणलं, तेव्हा मागून आवाज आला, ‘‘बाबा, थांबा, अजून हलू नका... आता!’’ मोबाइल पालथा पडला होता.

जिंकलो नाही. त्या रात्री कुणीच जिंकलं नाही. साडेअकराला नातू झोपायला गेला. मुलगा वायरी गुंडाळत होता. मी म्हटलं, ‘‘तुझा तो आठवीतला पेपर. कुठे चुकलं होतं, ते मी बघितलंच नव्हतं.’’

त्यानं वर पाहिलं नाही. ‘‘कंस सोडवताना, बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘बाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलायची राहायची. प्रत्येक गणितात तेवढंच.’’

एकतीस वर्षं त्याच्याकडे तो डिफरन्स तयार होता. मी विचारला नव्हता.

सकाळी निघताना मुलगा नातवाला म्हणाला, ‘‘ते खोकं राहू दे आजोबांकडे. पुढच्या महिन्यात येऊ आपण.’’