वडिलांच्या फियाटची नंबर प्लेट

बँकेत असताना वाहनकर्जाची फाइल समोर आली की मी नंबर प्लेट, चेसिस क्रमांक आणि आर.सी. बुक या तीन गोष्टी जुळवून पाहत असे. तिन्ही जुळल्यावरच सही करायची, हा नियम मी कधी मोडला नाही. निवृत्तीनंतर एखादी नंबर प्लेट पुन्हा हाती येईल, आणि तीही रंगाच्या ब्रशसह, असे मात्र वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या जळगावच्या घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लोखंडी प्लेट्स सापडल्या. एक पुढची, एक मागची. दाणा बाजारातील दुकान सांभाळताना वडिलांनी घेतलेल्या फियाटच्या त्या प्लेट्स होत्या. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला वसुलीला जायचे तेव्हा हीच गाडी, आणि लग्नकार्याला जायचे तेव्हाही हीच. पुढे ती भंगारात गेली. प्लेट्स तेवढ्या घरी राहिल्या.

फियाट आपल्या समाजाला परकी नाही. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. खानदेशातील कित्येक पेढ्यांसमोर त्या काळी अशी एखादी गाडी उभी असे.

जुनी प्लेट वाचता आली की ती दस्तऐवजासारखी बोलते. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील, तर ती चालू शतकाच्या सुरुवातीपूर्वीची खासगी गाडी समजावी. ‘एम’ने सुरू होणारी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे अंक असतील, तर ती महाराष्ट्र स्थापनेनंतरची. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्यानंतर ‘एमएच’ आणि कार्यालयाचा अंक आला. जळगावला १९ मिळाला, धुळ्याला १८. म्हणून अक्षरे किंवा त्यांची मांडणी आपल्या हौसेखातर बदलणे म्हणजे जुन्या वहीत मागाहून खाडाखोड करणे होय.

हे शहाणपण मला चूक करून आले. मागची प्लेट मी रॉकेल आणि जाड पॉलिश पेपरने अर्ध्या तासात घासून लख्ख केली, काळा रंग दिला आणि रेडियमची अक्षरे चिकटवली. आईने चष्मा लावून पाहिले व म्हणाली, “आकडा त्यांचाच आहे रे, पण ही पाटी त्यांची नाही. सातच्या आकड्याला शेपटी होती, ती कुठे गेली?” ती शेपटी धुळ्याच्या एका पेंटरच्या हाताची होती. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यात मिळतात. ट्रकांच्या वर्दळीमुळे तेथील पेंटरांना काम भरपूर आणि प्रत्येकाचे वळण निराळे. ते वळण मी कायमचे पुसून टाकले होते.

पुढच्या प्लेटला म्हणून मी महिना दिला. ज्यांच्या घरी अशी प्लेट असेल, त्यांच्यासाठी क्रम सांगतो. प्रथम दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि बटर पेपर ठेवून अक्षरे पेन्सिलीने उतरवून घ्यावीत. नंतर लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर लोखंड, नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. साबणाच्या कोमट पाण्याने मऊ कापडाने पुसावे. अक्षरे निम्म्याहून अधिक शाबूत असतील तर येथेच थांबून, कोरडी करून मेणाचा पातळ हात द्यावा. रंगवण्यापेक्षा राखणे केव्हाही श्रेष्ठ.

रंगवणे भागच असेल तर गंज आलेली जागा तेवढीच बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून घासावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासल्यास त्याची धूळ श्वासात जाते. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि नातवंडे दूर, हे पथ्य पाळावे. लोखंडावर रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. ॲल्युमिनियमवर तो नीट धरत नाही, त्यासाठी वेगळा प्रायमर मागावा. मग काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत आणि मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात रंगवू नये. वरची साय आधी वाळते, खालचा रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. हिवाळ्यातील सकाळ सर्वांत चांगली. अक्षरांसाठी खडूच्या दोन रेघा आखून, बटर पेपरवरची नक्कल उतरवून चपट्या ब्रशने भरावे.

आता कायद्याची बाजू. अशी प्लेट भिंतीवर शोभते, रस्त्यावरच्या गाडीवर नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची आहे आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी घरी असेल तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. आणि गाडी भंगारात गेली असेल, तर कायद्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून आर.सी. परत करायची असते. नाही तर गाडी संपली तरी कागदावर ती आजोबांच्याच नावे जिवंत राहते. आपल्या घरची ही नोंद पूर्ण आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

मी पाहिले. वडिलांच्या लोखंडी कपाटातील एका वहीत आर.सी. जमा केल्याची पोच डिंकाने चिकटवलेली होती, शेजारी त्यांच्या हातची तारीख. खाते त्यांनी स्वतःच बंद केले होते.

पुढची प्लेट आता दिवाणखान्यात आहे. सातला शेपटी आहे. आई येता-जाता तिच्याकडे पाहते, बोलत काही नाही. मागची, रेडियमवाली, मी टाकून दिलेली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. घाई झाली की काढून पाहतो.