आपला मृत्यू आपल्याला काढता येतो का?

मागच्या खेपेला आपण एपिक्युरसपाशी थांबलो होतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. मग भ्यायचं कशाला? युक्तिवाद बिनतोड आहे. आम्ही तो वर्षानुवर्षं फळ्यावर मांडला, पण त्यानं एकाही विद्यार्थ्याची भीती गेल्याचं आठवत नाही. आमचीही गेली नाही, हे सत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला हरकत नसावी.

आज त्याच प्रश्नाकडे चित्रांच्या वाटेनं जाऊ या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात प्रतीकवादी म्हणून ओळखले जाणारे चित्रकार होते. डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनाला जाणवतं ते चित्रात यावं, हा त्यांचा आग्रह. मृत्यूवरची त्यांची बरीच चित्रं छापाची आहेत: धातूच्या पत्र्यावर कोरलेली, नाहीतर दगडावर तेलकट खडूनं काढून छापलेली. (अशाच दगडी छापाचा कारखाना राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढला. इकडे लक्ष्मी-सरस्वती, तिकडे सांगाडे!)

मृत्यूचे छाप युरोपला नवे नव्हते. होल्बाइनची लाकडी ठशांची मालिका १५३८ साली पुस्तकरूपानं निघाली. तिच्यात सांगाडा राजाकडे येतो, बिशपकडे येतो, नांगर धरलेल्या शेतकऱ्याकडेही येतो. लक्षात घ्या, तो *येतो*. बाहेरून, पाहुण्यासारखा. जर्मन चित्रकार माक्स क्लिंगरच्या १८८९ च्या दहा चित्रांच्या मालिकेत तो आगगाडीच्या रुळांवर आडवा पडलेला दिसतो. काळ बदलला, पण मृत्यू अजून बाहेरच.

आता नॉर्वेचा एडवर्ड मुंक घ्या. त्याची बहीण सोफी १८७७ साली क्षयानं गेली. ती पंधरा वर्षांची, तो तेरा. तिचं आजारपण त्यानं आधी रंगवलं, मग पत्र्यावर कोरलं, आणि १८९६ साली पॅरिसमध्ये दगडावर काढलं. या शेवटच्या छापात बाकी सगळं गळून गेलंय. उशीवरचा मुलीचा चेहरा तेवढा उरलाय. तोच चेहरा त्यानं वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा छापून घेतला. आम्हांला वाटतं, छापाचं माध्यम इथे दुःखाला नेमकं जुळतं: आठवणही तशीच येते, तीच, पण दर वेळी वेगळ्या शाईत.

पण हा दुसऱ्याचा मृत्यू झाला. स्वतःचा?

बेल्जियमच्या जेम्स एन्सॉरनं १८८८ साली एक चिमुकलं चित्र कोरलं. नाव, 'माझं १९६० मधलं चित्र'. जन्म १८६० चा, म्हणजे शंभरीतला एन्सॉर! चित्रात फक्त पहुडलेला सांगाडा. हसू येतं, आणि मग अडचण कळते. तो सांगाडा बघतोय कोण? बघणारा एन्सॉर जिवंतच आहे. फ्रॉइडनं १९१५ साली हेच मांडलं: स्वतःचा मृत्यू कल्पायला जावं, तर आपण प्रेक्षक म्हणून उरतोच. म्हणजे एपिक्युरसची सरशी.

मुंक मात्र वेगळ्या वाटेनं जातो. १८९५ चं दगडी छापातलं त्याचं आत्मचित्र बघा. काळीकुट्ट पार्श्वभूमी, तिच्यातून वर आलेला चेहरा आणि पांढरी कॉलर. वरच्या पट्टीत नाव आणि साल, थडग्यावर असावं तसं. आणि खाली, चौकटीच्या कडेला, हाडांचा हात टेकवलेला. वय एकतीस. चेहरा जिवंत आहे, आपल्याकडे बघतोय. हा हात १९६० मधला नाही, बरं का. तो आत्ताचा आहे. हाडं काही मेल्यावर उगवत नाहीत, ती आत्ताही बाहीच्या आत आहेतच.

एपिक्युरसनं मृत्यूला एक घटना मानलं, उंबऱ्यापलीकडची. मुंकच्या चित्रात तो घटना नाहीच, तो देहाचा भाग आहे. मग 'तो असतो तेव्हा मी नसतो' या वाक्याची पकड सुटते. भीती कमी होते असं मात्र आम्ही म्हणणार नाही. मुंकची झाली होती असंही दिसत नाही, आणि तो तर ऐंशी वर्षं जगला.

पुढच्या वेळी हायडेगर घेऊ. तेव्हा हा हात पुन्हा लागेल, चित्र डोळ्यांसमोर असू द्या.